कुंद्याच्या डब्यातल्या ‘मेलेल्या’ चिपा: एटीटायनी ८५ प्रोग्राम होत नसेल तर

काल याच वायरींवर, याच लॅपटॉपवरनं चिपमध्ये प्रोग्राम गेला होता. आज पडद्यावर लाल अक्षरं. कधी ‘याइक्स! इनव्हॅलिड डिव्हाइस सिग्नेचर’, कधी ‘नॉट इन सिंक’. मग वायरी काढा, घाला, दोनदा शिव्या द्या, शेवटी चिप मेली म्हणून बाजूला टाका आणि पाकिटातली नवीन उघडा. तीही दोन दिवसांनी त्याच वाटेनं जाते. हे ज्यांच्या घरी वरचेवर चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्याकडे, बेळगावच्या खानापूर तालुक्यात, थ्री-फेज करंट कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळं पंपाचा टायमर आणि टाकीचा ओव्हरफ्लो थांबवणारं सर्किट या दोन गोष्टींना गिऱ्हाईक कायम. माझं मूळ काम मोटर आणि स्टार्टर दुरुस्तीचं. टायमरसाठी आठ पायांची एटीटायनी ८५ ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप पुरते. ८ केबी मेमरी, एक रिले, दोन सेन्सर, आणखी काय पाहिजे? भाचा बेळगावात डिप्लोमा करतो. कोड तो लिहितो, जोडणी मी करतो आणि बिघडलं की दोघं मिळून एकमेकांवर ढकलतो.

बिघडलेल्या चिपा कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या मिठाईच्या, रिकाम्या डब्यात जायच्या. जुलैत एका रविवारी पाऊस असा लागला की लावणीची माणसंसुद्धा घरी बसली. भाच्यानं डबा उघडला, मोजल्या तर अकरा. “मामा, एवढ्यात चांगली ड्रिल मशिन आली असती की.” मी म्हटलं, “मेल्या म्हणतोस, पण कुणाची नाडी बघितलीस काय?” त्या दिवशी नाडी बघत बसलो. अकरापैकी सहा चिपांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

आधी जोडणी. वेगळा प्रोग्रामर (चिपमध्ये कोड भरणारं यंत्र) न घेता आर्डुइनो उनो किंवा नॅनो या बोर्डालाच प्रोग्रामर बनवायचा, हा घरच्या घरी सगळ्यात स्वस्त मार्ग. आयडीईच्या, म्हणजे आर्डुइनोच्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, उदाहरणांत ‘आर्डुइनो आयएसपी’ नावाचं स्केच (प्रोग्राम) असतंच, ते बोर्डावर चढवायचं. मग बोर्डाचा १० नंबर चिपच्या पाय १ ला म्हणजे रिसेटला, ११ नंबर पाय ५ ला (मोसी, चिपकडे जाणारी वायर), १२ नंबर पाय ६ ला (मिसो, चिपकडून येणारी), १३ नंबर पाय ७ ला (क्लॉक, म्हणजे ठोके). पाच व्होल्ट पाय ८ ला, ग्राउंड पाय ४ ला. चिपवरचा ठिपका किंवा खाच बघून पाय १ ओळखा. अकरातली एक खरोखरच उलटी बसवल्यानं गेली, बोटाला चटका बसला तेव्हा कळलं.

इथं एक खोड सांगतो. जीपीएस, ब्लूटूथ असली सिरियलवरची मॉड्यूल जोडायची ज्यांना सवय आहे ते हमखास दोन वायरी उलटसुलट करतात, कारण सिरियलला टीएक्स (पाठवणारी पिन) समोरच्याच्या आरएक्सला (घेणारीला) जातं. इथं तसं नाही. मोसी मोसीलाच, मिसो मिसोलाच. ११ आणि १२ ची अदलाबदल झाली की चिप गप्प बसते, पण मरत नाही.

आता पडद्यावर काय येतं ते नीट वाचायचं. लाल अक्षरं दिसली की भाचा लगेच खिडकी बंद करायचा, आणि निदान तर तिथंच लिहिलेलं असतं. सिग्नेचर म्हणजे चिपचा ओळखक्रमांक; एटीटायनी ८५ ची १ई ९३ ०बी. तिच्या जागी सगळी शून्यं आली तर चिपचं उत्तर बोर्डापर्यंत पोचत नाहीये किंवा चिप प्रोग्रामिंगला उठलेलीच नाही. सगळे एफएफ आले तर बहुतेक मिसोची वायर हवेत लोंबकळतेय. दर खेपेला वेगळाच आकडा येत असेल तर कुठं तरी ढिलं आहे. आणि नीट, पण दुसऱ्याच चिपची सिग्नेचर आली, उदाहरणार्थ १ई ९० ०७, तर तुमच्या हातात एटीटायनी १३ आहे. ती दिसायला अगदी तशीच, पण मेमरी १ केबी. दुकानदारानं एकाच पुडीत दोन्ही घातल्या होत्या, भिंग घेऊन वाचल्यावर दिसलं. एरर संदेश स्वतःच सुचवतो की ‘-एफ’ देऊन तपासणी टाळता येईल. टाळू नका. सिग्नेचर चुकतेय म्हणजे वायरीतनं जाणारा प्रत्येक बाइट चुकू शकतो; तशात फ्यूज बिट (क्लॉक, रिसेट ठरवणाऱ्या चिपच्या सेटिंगा) लिहिले तर चांगली चिप खरोखरच अडकून बसेल.

‘नॉट इन सिंक’ हा मात्र वेगळा प्रकार. इथं चिपचा संबंधच नाही. लॅपटॉप आणि आर्डुइनो यांचंच आपसात जमत नाहीये. आमच्या सहा निर्दोष चिपांतल्या चार याच संशयात डब्यात गेल्या होत्या, म्हणून हे जरा सविस्तर.

लॅपटॉपनं सिरियल पोर्ट उघडला की उनो आपोआप रिसेट होतो. नेहमीचा कोड चढवताना ही सोयच असते, कारण रिसेट झाला की बूटलोडर, म्हणजे नवा कोड आत घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम, जागा होतो. पण आता बोर्ड प्रोग्रामरच्या वेषात आहे. एव्हीआरड्यूडनं (चिपमध्ये कोड पाठवणाऱ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामनं) पोर्ट उघडला, बोर्ड रिसेट झाला, पहिली हाक बूटलोडरच्या कानावर पडली. बूटलोडरचा वेग वेगळा, त्याला ती हाक म्हणजे गोंगाट. तो थोडा वेळ थांबतो, मग स्केच सुरू होतं. एव्हीआरड्यूड तेवढ्यात काही हाका मारतो; त्यातली एखादी वेळेत पोचली तर काम होतं, नाही तर नाही. “काल चालत हुतं की” याचं मूळ हेच. काल नशिबानं वेळ जुळली होती.

उपाय एका कॅपॅसिटरचा. १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक घ्यायचा. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरनं काढलेला कमी व्होल्टेजचाही चालतो. लांब पाय म्हणजे प्लस बोर्डाच्या रिसेटला, पांढऱ्या पट्टीकडचा पाय ग्राउंडला. आता पोर्ट उघडला तरी बोर्ड रिसेट होत नाही. पण हा कॅपॅसिटर आर्डुइनो आयएसपी स्केच बोर्डावर चढवून झाल्यावर घालायचा. आधीच घातला तर ते स्केचच चढणार नाही आणि तिथंही तोच ‘नॉट इन सिंक’ दिसेल. एकच संदेश, कारण नेमकं उलटं. मी यात एकदा रात्रीचे साडेबारा वाजवलेत.

नॅनो वापरत असाल तर आणखी एक. स्वस्तातल्या पुष्कळ नॅनोंत जुना बूटलोडर असतो. स्केच चढवताना आयडीईच्या प्रोसेसर मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. जुन्याचा वेग ५७६००, नव्याचा ११५२००. वेग जुळला नाही की परत तेच रडगाणं.

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. घरातल्या निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. उबंटू २२.०४ वर सीएच३४० ही यूएसबी चिप असलेला बोर्ड लावल्या लावल्या गायब होत असेल तर ‘बीआरएलटीटीवाय’ हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पोर्ट बळकावतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका. लिनक्सवर परवानगी नाकारली जात असेल तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. संपलं.

आता पावसाळ्याचं. आमच्याकडे जूनपासून कपाटातले बूटसुद्धा बुरसतात, ब्रेडबोर्डाचं काय घेऊन बसलात. चिपचे पाय काळपट दिसले की शाळेतल्या खोडरबरानं घासायचे. दोन मिनिटांचं काम, दोन चिपा त्यावरच जिवंत झाल्या. जंपर वायरी मीटरच्या बीपवर लावून हलवून बघायच्या. वरनं अखंड दिसते पण पिनेपाशी आत तुटलेली असते. लांब ब्रेडबोर्डाच्या कडेची लाल-निळी पट्टी काही बोर्डांत मध्यावर तोडलेली असते, त्यामुळं पलीकडच्या चिपला करंटच जात नाही. तेव्हा ‘नाडी’ बघायची ती थेट चिपच्या पायांवर: मीटरची टोकं पाय ८ आणि पाय ४ वर ठेवून पाच व्होल्टच्या आसपास येतात का ते. शिवाय याच दोन पायांत, जमेल तितक्या जवळ, १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर टोचा. प्रोग्राम अर्ध्यात तुटायचं प्रमाण त्यानं बरंच उतरतं.

जोडणी ठीक, करंट ठीक, तरीही शून्यं येतात? मग चिप कुठं बसली आहे ते बघा. टाकीच्या सर्किटात आम्ही पाय ७ ला एक पुशबटण दिलं होतं आणि बटणाची थरथर जावी म्हणून त्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला होता. बटण झकास चालायचं. पण पाय ७ हाच प्रोग्रामिंगचा क्लॉक. आर्डुइनो आयएसपीचा क्लॉक साधारण १६७ किलोहर्ट्झ, म्हणजे वर तीन मायक्रोसेकंद, खाली तीन. तेवढ्या वेळात तो कॅपॅसिटर धड भरतही नाही, धड रिकामाही होत नाही. सिग्नल ना इकडचा ना तिकडचा. आम्हा सीमाभागातल्या लोकांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. म्हणूनच एखादे दिवशी प्रोग्राम जायचा, एखादे दिवशी नाही. कॅपॅसिटरचा एक पाय उचलला आणि पहिल्याच झटक्यात सिग्नेचर आली. पाय ५, ६, ७ वर रिलेचा ट्रान्झिस्टर किंवा एलईडी असेल तर प्रोग्राम करताना तोही सोडवा, किंवा चिप सॉकेटात बसवून बाहेर काढूनच प्रोग्राम करा. सॉकेट काही रुपयांत मिळतं, आणि थेट सोल्डर करणाऱ्यांची मला कीव येते. मीही त्यांच्यातलाच होतो.

सहा निर्दोष आणि उलटी बसून जळालेली एक, अशा सात झाल्या. उरल्या चार. या चौघींना खरंच काही तरी झालेलं होतं, पण मरण नव्हे.

दोन चिपांचा क्लॉक मंद होता. कारखान्यातनं येणारी एटीटायनी ८५ आठ मेगाहर्ट्झच्या आतल्या क्लॉकला आठानं भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामिंगचा क्लॉक चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी पाहिजे, असा नियम. १ मेगाहर्ट्झला २५० किलोहर्ट्झची मर्यादा, आर्डुइनो आयएसपीचा १६७, म्हणून नवीन चिप सुरळीत चालते. भाच्यानं बॅटरी वाचवायची म्हणून मेनूतनं १२८ किलोहर्ट्झ निवडला होता. त्याची मर्यादा ३२. आमचा प्रोग्रामर १६७ नं बडबडतोय, चिपला एक अक्षर कळत नाही. आर्डुइनो आयएसपी स्केचमध्ये वरच ‘एसपीआय_क्लॉक’ची ओळ आहे, तिथं १००००००/६ असतं. त्याचं १२८०००/६ केलं, स्केच परत चढवलं (कॅपॅसिटर काढून!) आणि एक चिप बोलली. दुसरी बोलेना, कारण तिच्यात आठानं भागायचा फ्यूजही चालू होता. म्हणजे १६ किलोहर्ट्झची चिप, मर्यादा ४. तिथं १६०००/६ टाकलं. फ्यूज मागे लिहायला बराच वेळ लागला, पण तीही परत आली.

यूएसबीएएसपी प्रोग्रामर घेतलेल्यांना हाच त्रास नव्या कोऱ्या चिपवरसुद्धा होतो. त्याचा ठरलेला क्लॉक ३७५ किलोहर्ट्झ, कोऱ्या चिपची मर्यादा २५०. त्यावर एव्हीआरड्यूडच्या आदेशात वजाचं चिन्ह, मग कॅपिटल बी, मग १० असं घालायचं. त्यानं क्लॉक शंभर किलोहर्ट्झच्या खाली येतो. क्लोनमधलं फर्मवेअर जुनं असेल तर ‘एससीके पिरियड सेट करता येत नाही’ असा इशारा येतो आणि हा आदेश लागू पडत नाही. मग बोर्डावर जेपी३ लिहिलेला जंपर बघा. तो जोडला की क्लॉक एकदम ८ किलोहर्ट्झवर उतरतो. गोगलगायीचा वेग, पण पोचतं. विंडोजवर यूएसबीएएसपी ओळखलाच जात नसेल तर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामनं त्याचा ड्रायव्हर बसवावा लागतो.

तिसऱ्या चिपला आम्ही चुकून ‘बाहेरचा क्रिस्टल’ असं सांगून ठेवलं होतं. क्रिस्टल तर कुठंच नव्हता. चिप बिचारी ठोक्याची वाट बघत बसलेली. पाय २ आणि ३ मध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, दोन्हीकडून ग्राउंडला २२ पिकोफॅरड, आणि चिप उठली. उठल्यावर आधी फ्यूज मूळ जागी: लो ६२, हाय डीएफ, एक्स्टेंडेड एफएफ. तुम्ही क्रिस्टलऐवजी ‘एक्स्टर्नल क्लॉक’ निवडला असेल तर क्रिस्टलनं भागणार नाही. दुसऱ्या एखाद्या बोर्डावरनं चौकोनी लहर थेट पाय २ ला द्यावी लागते.

चौथी खरी हट्टी. पंपाच्या टायमरला एक पाय कमी पडत होता म्हणून भाच्यानं रिसेटचा पायच साधा पाय करून टाकला. हाय फ्यूज डीएफचा ५एफ झाला, फरक एका अक्षराचा. पण रिसेट गेला म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं आत शिरायचं दारच बंद. ओळखायची सोपी खूण: चिप सर्किटातनं काढून नुसते पाच व्होल्ट द्या आणि पाय १ वर मीटर लावा. रिसेट शाबूत असेल तर आतल्या पुल-अप रेझिस्टरमुळं तिथं जवळजवळ पाच व्होल्ट दिसतात. आमच्या चिपवर मीटर शून्याच्या आसपास भिरभिरत होता.

अशा चिपला पाय १ वर १२ व्होल्ट देऊनच आत शिरावं लागतं. हाय व्होल्टेज सिरियल म्हणतात त्याला, आणि त्यासाठीही वेगळं मशिन लागत नाही. आर्डुइनोसाठी ‘एटीटायनी फ्यूज रिसेट’ या नावानं शोधलं की स्केचं मिळतात. एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, काही १ के (एक किलोओहम) रेझिस्टर आणि १२ व्होल्ट, बस. १२ व्होल्ट एका रेझिस्टरमधनं पाय १ ला, तिथंच ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, एमिटर ग्राउंडला, बेस दुसऱ्या रेझिस्टरमधनं आर्डुइनोला. पाय ५, ६, ७ आणि २ आर्डुइनोकडे, तेही १ के मधनं. चिपचा करंटसुद्धा आर्डुइनोच्या पिनेवरनं द्यायचा, कारण आधी पाच व्होल्ट आणि मागनं बारा, या क्रमाला इथं महत्त्व आहे.

जुन्या जाडजूड अॅडॅप्टरवर मात्र विश्वास नको. वर १२ लिहिलेलं असतं आणि लोड नसताना सोळा-सतरा देतो. रिसेटच्या पायाला १३ च्या वर सोसत नाही. मी आधी मीटर लावला तर १६.८. तो बाजूला ठेवला आणि बंद पडलेल्या राउटरचा हलका अॅडॅप्टर घेतला, त्यानं १२.१ दाखवले. ही १२ व्होल्टची वायर आर्डुइनोच्या कुठल्याही पिनेला चाटूनसुद्धा जाता कामा नये, नाही तर चिप वाचवताना बोर्ड जायचा. बटण दाबलं, सिरियल मॉनिटरवर आधी ५एफ आणि खाली डीएफ उमटलं. भाच्यानं टेबलावर हात आपटला, ब्रेडबोर्ड उडाला.

आता जे नव्यानं सुरुवात करणार आहेत त्यांना एवढंच. घरात उनो किंवा नॅनो असेल तर वेगळं काही घेऊ नका. नसेल तर यूएसबीएएसपीचा क्लोन दोन-अडीचशेच्या घरात मिळतो, पण मी तरी त्या पैशात नॅनो घेईन. प्रोग्रामर म्हणूनही चालतो, उद्या बोर्ड म्हणूनही. डिप्लोमावाल्यांना कॉलेजात ८९एस५२ हाताळावी लागते, तीही अशीच तीन वायरींवर आणि रिसेटवर प्रोग्राम होते. पण तिचा रिसेट उलटा, वर ओढल्यावर लागू होणारा. आर्डुइनो आयएसपीचं स्केच चिप कुठली ते बघून ते आपोआप सांभाळून घेतं. एटीटायनी ४१२ सारख्या नव्या चिपांना यूपीडीआय नावाची एकच वायर लागते. साधा यूएसबी-सिरियल अॅडॅप्टर आणि एक रेझिस्टर किंवा शॉट्की डायोड एवढ्यावर काम होतं. मात्र ती चिप पृष्ठभागावर सोल्डर करायची असते, म्हणजे नजर आणि हात दोन्ही स्थिर पाहिजेत. माझी नजर गेली, म्हणून आम्ही अजून आठ जाड पायांवरच.

परवा रात्री दहाला भाच्याचा फोन. मी कॅपॅसिटर, जंपर सगळं डोक्यात घोळवतच उचलला. “मामा, सिग्नेचर आली, प्रोग्राम गेला, टायमर पण चालालाय. पण मोटर उलटी फिरालीय.” म्हटलं, बाबा, त्यात चिपचा काय दोष? स्टार्टरच्या दोन फेजांची अदलाबदल झालीय. करंट बंद करून ठेव, सकाळी येतो.